पूर्ण हजेरीची पलटण

८ जानेवारी

मोठे भाऊजी,

माझं अक्षर पाहून पाकीट दोनदा उलटंपालटं केलं असेल तुम्ही, म्हणून आधीच सांगते, कोणी गेलेलं नाही. घरात जायला आता उरलंय तरी कोण? मी ठणठणीत आहे. गुडघे कुरकुरतात, पण ते काय चालायचंच.

लिहिण्याचं कारण वेगळं आहे. आपली पलटण बंद होते आहे. सरकारी भाषेत 'विलीन' होते आहे, शेजारच्या मोठ्या रेजिमेंटमध्ये. मे महिन्यात शेवटची परेड. त्याच्या आत दोन कामं उरकायची आहेत. लढाईत गेलेल्यांच्या नावांची हॉलमधली लाकडी पाटी वाळवीनं पोखरली आहे, तिच्या जागी दगडाची बसवायची. आणि पलटणीचा इतिहास छापायचा. इतिहास कोणी लिहायचा यावर मीटिंगमध्ये बराच वेळ सगळे एकमेकांकडे बघत बसले, आणि मग सगळेच माझ्याकडे बघायला लागले. पलटणीच्या कचेरीत टायपिस्ट म्हणून माझा जन्म गेला, तेव्हा इतिहास मलाच पाठ असणार, असं त्यांचं म्हणणं. तसं ते खोटं नाही.

हल्लीचे मेजर तुम्हाला ठाऊक नाहीत. तरुण आहेत, बाहेरगावचे आहेत आणि सोमवार ते शनिवार दातांचे डॉक्टर आहेत. माणूस सरळ आहे. फक्त बोलताना समोरच्याच्या तोंडात बघत बोलतात, त्यामुळे आपण ओठ मिटून ऐकून घेतो आणि त्यांना वाटतं, आपल्याला पटलं. मला म्हणाले, "बाई, इतिहास असा लिहा की वाचणाऱ्याची छाती फुगली पाहिजे." मी म्हटलं, बघते कुठवर फुगते ती.

पहिलं प्रकरण झालं. तुम्ही जुने शिपाई, म्हणून थोडं उतरवून पाठवते. चुकलं असेल तर कळवा.

"ही रेजिमेंट राखीव पायदळाची, या भागातल्या माणसांची. हिचे शिपाई आठवडाभर आपापल्या पोटापाण्याच्या कामावर आणि रविवारी कवायतीला. काचेच्या कारखान्यानं एक कंपनी दिली, लाकडाच्या वखारींनी दुसरी, आणि तिसरीत उरलेले सगळे: पोस्टमन, शिंपी, न्हावी, शाळामास्तर. टवाळखोर तिला रविवारची पलटण म्हणत. कारखान्यात जो फोरमन तो पलटणीत साधा शिपाई, आणि त्याच्या हाताखालचा भट्टीवाला पलटणीत त्याचा वरिष्ठ. रविवारी मैदानात ज्यानं ज्याला झापलं, त्याची भरपाई सोमवारी सकाळी भट्टीपाशी होत असे. तरीही राखीव पलटणींमध्ये हजेरीत हिचा हात कोणी धरला नाही. पूर्ण हजेरीची ढाल हिनं इतक्यांदा जिंकली, की पुढे पुढे वरच्यांनी ती परत मागणंच सोडून दिलं."

शेवटच्या वाक्यावर मेजर बेहद्द खूश. मी तिथेच थांबले आहे. ती हजेरी पूर्ण कशी व्हायची, हे पुढच्या प्रकरणात यायला हवं, आणि तिथून पुढचं तुमच्याशिवाय लिहिता येणार नाही.

नव्या दगडावर कोणाकोणाची नावं चढणार आहेत, हे वेगळं सांगायला नको. उत्तर लिहूनच पाठवा. फोनवर तुम्हाला नेमकं नको असतं तेव्हा ऐकू येत नाही.

तुमची भावजय


१९ फेब्रुवारी

भाऊजी,

पत्र मिळालं. तुमच्याकडे थंडी किती पडली ते कळलं, मुलीला नोकरी लागली ते कळलं, घराला बाहेरून कोणता रंग दिला तेही कळलं. मुलीचं कौतुक वाटलं, अगदी मनापासून. मी विचारलं होतं त्याचं उत्तर सर्वांत खाली एका ओळीत आहे: 'जुनं उकरून आता काय मिळणार?' आणि त्याखाली यांच्या नावाची सही.

पाकीट आलं तेव्हा समोरची शेजारीण दारातच उभी होती. "मिस्टरांचं पत्र वाटतं?" म्हणाली. मी हो म्हटलं. तीस-पस्तीस वर्षं हो म्हणते आहे. मागच्या बाजूला पाठवणाऱ्याचं नाव तेच असतं, मग दुसरं काय म्हणू? गावात नव्यानं राहायला आलेल्यांच्या लेखी मी म्हणजे ती बाई, जिचा नवरा परदेशात जाऊन बसला आणि तिला काही नेलं नाही. बायका हळहळतात. एकीनं तर मला तुमच्यावर केस करायला सुचवलं. कागदोपत्री मी तुमची पहिली बायको आहे, भाऊजी. दुसरीला माझा नमस्कार सांगा.

दुसऱ्या प्रकरणाला नाव दिलं आहे, 'बदली'. हे वाचाच.

"कारखान्याची भट्टी रविवार पाळत नसे. वखारीत ओंडके आले की उतरवावेच लागत. ज्याला कवायतीला येणं जमत नसे, त्याच्या वर्दीत दुसरा कोणीतरी येई आणि नाव पुकारलं की 'हजर' म्हणे. भाऊ येई, मेहुणा येई, नाहीतर शेजारी. वखारीचा एक पहारेकरी मुलाच्या जागी इतके महिने आला, की चांगल्या वर्तणुकीचा बिल्ला मुलाला मिळाला आणि तो सवयीनं बापानंच छातीवर लावला. आमच्या न्हाव्यानं एकाच हजेरीत दोन वेगळे आवाज काढून दोघांची हजेरी दिली आहे. कॅप्टन शाळेचे हेडमास्तर होते. नावं वाचताना ते मुद्दाम कागदावरून नजर वर काढत नसत. लबाडी करतोय असं कोणालाच वाटत नसे. शब्द दिलाय तर आपल्या घरचं कोणीतरी उभं राहिलं पाहिजे, इतकंच सगळ्यांना कळे."

मेजरांनी यावर उभी रेघ मारली. म्हणाले, "बाई, हे फार विनोदी झालंय." मी म्हटलं, पुढचं वाचा, हसू आपोआप जाईल. पण पुढचं लिहिलेलंच नव्हतं.

तर पुढचं इथे लिहिते, निदान तुमच्यापुरतं. यांना भरतीत सपाट तळव्यांमुळे नाकारलं होतं. तुम्हाला घेतलं. सायकल दुरुस्तीच्या दुकानातून दर दुसऱ्या रविवारी हे तुमच्या बुटांत निघायचे आणि सरकारनं नापास केलेल्या पायांनी तुमच्यापेक्षा झकास कवायत करून यायचे. परत आले की सासूबाईंना सलाम ठोकायचे, आणि त्या म्हणायच्या, "पुरे झाली नाटकं, पाय धू आधी." त्या दिवशी पलटणीला बोलवायला कारखान्याचा भोंगा अवेळी वाजला, तेव्हा सगळ्यांना वाटलं, हा सराव. संध्याकाळपर्यंत परत येतील. हे गेले. मैदानावर ट्रक उभे होते. नाव पुकारलं, तुमचं. यांनी हजर म्हटलं. ट्रक निघाले ते थेट लढाईत, नदीवरच्या पुलापर्यंत.

तिथून पत्रं यायची. तपासनीस वाचत म्हणून सगळी तुमच्या नावानं, आईबाबांना उद्देशून. त्यात यांनी लिहिलं होतं, 'धाकट्याला म्हणावं, बायकोशी जरा नीट वाग. तिला दुकानाचा हिशेब शिकव, ती तुझ्यापेक्षा हुशार आहे.' मामंजी वाचून दाखवायचे तेव्हा तुम्ही खाली बघायचा आणि मी तुमच्याकडे बघायचे. नवऱ्याचा निरोप मला असा फिरून मिळत होता.

मग तार आली. तुमच्या मृत्यूची तार तुम्हीच सही करून घेतलीत, भाऊजी. यांच्या नावानं. त्या दिवसापासून आजतागायत ती सही तुम्ही करताय.

तुमची भावजय


२२ मार्च

भाऊजी,

तुमचं उत्तर नाही. ठीक आहे, मीच बोलते.

पाथरवट आला आहे. हॉलच्या भिंतीवर दगडाच्या मापाचा कागद लावून त्यानं सगळी नावं पेन्सिलीनं आखून घेतली आहेत. तुमचं नाव बरोबर मध्यावर येतं. मी त्याला सांगितलं, बाबा, ती ओळ सर्वांत शेवटी कर. तो म्हणाला, "बाई, ओळ मधली आहे, ती शेवटची कशी करू?" नंतर त्याला माझं म्हणणं कळलं आणि त्यानं त्या ओळीपुढे फुली मारून ठेवली. किती दिवस मिळतील, ते त्याच्या हातोडीच्या वेगावर आहे.

मी मेजरांना सगळं सांगून टाकलं. रविवारी हॉलमध्ये भिंतींनाही कान असतात, म्हणून मंगळवारी त्यांच्या दवाखान्यात गेले. त्यांना वाटलं दाढ दुखते. मला खुर्चीत निजवलं, तोंडात आरसा घातला आणि विचारलं, "बोला, काय त्रास?" आता तोंडात आरसा असताना कोण काय बोलणार? शेवटी त्यांचा हात बाजूला सारून उठून बसले आणि तशीच, गळ्यात तो कागदी रुमाल बांधलेला असताना, सांगत सुटले. त्यांनी एकदाही मध्ये तोडलं नाही. शेवटी विचारलं, "तो थोरला भाऊ हयात आहे?" मी म्हटलं, आहे. कुठे, ते सांगितलं नाही.

म्हणाले, "बाई, माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण एकट्या तुमच्या शब्दावर मला दगडावर नाव बदलता येत नाही. त्यांनी स्वतः लिहून द्यावं. नाहीतर त्या दिवशी मैदानात असलेल्या कोणी साक्ष द्यावी." बाहेर आले तर पुढचा पेशंट गाल धरून बसलेला, माझे लाल डोळे बघून तो उठून घरीच गेला.

मग मी टपाल सार्जंटकडे गेले. आठवतात ना? आठवडाभर पोस्टमन, रविवारी सार्जंट. त्या दिवशी हजेरी त्यांनीच घेतली होती. पुलावरून जखमी होऊन परतल्यावर मामंजींपुढे हात जोडणारेही तेच. 'अर्धी कंपनी दुसऱ्याच्या नावावर लढली आहे, एक धागा ओढाल तर सगळं उसवेल, पोरं तुरुंगात जातील,' हे त्यांचेच शब्द. मामंजींनी मान डोलावली, कपाटातून यांचे कागद काढून तुमच्या हातात ठेवले आणि तुम्हाला गाडीत बसवून दिलं. मी तिथेच भिंतीला टेकून उभी होते. मला कोणी काही विचारलं नाही. तेव्हा वयानं लहान होते, मलाही वाटलं, वर्षा-दोन वर्षांचा प्रश्न आहे.

सार्जंट आता खूप थकलेत. मी म्हटलं, साक्ष द्या. ते म्हणाले, "पोरी, पलटण निघाली आता. निघताना तिच्या तोंडाला काळं फासायचं का?" मी म्हटलं, काळं कसलं त्यात? त्यांनी मला चहा दिला. बाकीच्या जुन्या लोकांकडेही जाऊन आले. न्हावी म्हणाला, सार्जंट बोलले तर मी बोलेन. वखारवाला म्हणाला, न्हावी बोलला तर मी. असे सगळे एकमेकांच्या पाठीमागे लपलेत.

म्हणजे उरलात तुम्ही. एका कागदावर चार ओळी हव्या आहेत: मी जिवंत आहे, त्या दिवशी मी गेलो नव्हतो, माझ्या जागी माझा धाकटा भाऊ गेला आणि तो तिथे मारला गेला. खाली तुमची सही. तुमची.

आणि एक गोष्ट, जी आपण कधीच बोललो नाही. गावात ज्या थोड्यांना खरं ठाऊक आहे, त्यांतल्या काहींना वाटतं, तुम्ही यांना पाठवलंत. तुम्हालाही तसंच वाटत असेल तर तो विचार आधी डोक्यातून काढा. तुम्ही रात्रपाळी करून आला होतात, भट्टीच्या धगीनं तोंड भाजल्यासारखं लाल झालेलं, आणि आल्या आल्या जे आडवे झालात ते भोंग्यानंही उठला नाहीत. मी उठवायला निघाले होते. यांनी मला दारात अडवलं. म्हणाले, "झोपू दे गं त्याला, संध्याकाळी येतोच आहे." खुंटीवरची तुमची वर्दी यांनीच काढली. गुंड्या लावता लावता शीळ घालत होते. तुम्ही फक्त झोपला होतात. त्याबद्दल माझी तुमच्यावर कणभर तक्रार नाही, आणि नव्हती.

माझी तक्रार नावाबद्दल आहे.

तुमची भावजय


१४ एप्रिल

भाऊजी,

तुमचं चार पानी पत्र दोनदा वाचलं. इतकं मोठं पत्र तुम्ही लिहू शकता हे मला माहीतच नव्हतं.

तुमची कारणं समजली. तिथले सगळे कागद यांच्या नावावर, घर यांच्या नावावर, मुलीच्या जन्मदाखल्यावर बाप म्हणून हेच. एक कागद खोटा ठरला तर सगळेच ठरतील, या वयात कुठे जाऊ, असं तुम्ही विचारता. मी विचार केला, आणि मलाही उत्तर सापडलं नाही. तुमच्या मुलीला घराबाहेर काढायचं माझ्या स्वप्नातही नाही. दुसरं कारण तुम्ही लिहिलंत ते मला जास्त खरं वाटलं. 'भावाला मरायला पाठवून हा पळाला, असं छापलं जाईल.' मी मागच्या पत्रात इतकं लिहूनही तुम्ही तेच लिहिता, म्हणजे माझ्यावर विश्वास नाही, नाहीतर स्वतःवर नाही.

पण तिसऱ्या पानावरचं ते वाक्य मला अजिबात आवडलं नाही. 'दगडावर माझंच नाव असू दे, मी तसाही तेव्हाच मेलो.' ते तुम्हाला फार आवडलेलं दिसतं, खाली दोनदा रेघ ओढली आहे. भाऊजी, मेलेल्या माणसाला मुलगी होत नाही. त्याला घराला रंग द्यावा लागत नाही, थंडी वाजत नाही, रक्तदाबाची गोळी लागत नाही. मेलेला माणूस कसा असतो ते मला माहीत आहे, कारण मी त्याच्याशी लग्न केलं होतं आणि त्याच्या नावानं मला महिन्या-दोन महिन्यांनी तुमची पत्रं येतात. सासूबाई गेल्या तेव्हा शेवटी शेवटी त्यांना कोणता मुलगा गेला हेच आठवेना. माझ्या हाताला धरून विचारायच्या, "अगं, कोणता गं?" मी काय सांगणार होते?

मला राग आलाय. खूप. मी धड नवऱ्याची नाही, धड विधवा नाही, तेही एकवेळ सोसलं. पण ज्या माणसानं जीव दिला त्याचं नाव या गावात एकाही जागी नसावं, याचं मला फार वाईट वाटतं. मला ते नाव कुठेतरी बोटांनी चाचपून बघता यायला हवं होतं. मागणं एवढंच होतं माझं.

मी पुन्हा मागणार नाही. तुम्ही नाही म्हणालात, विषय संपला.

इतिहास तिसऱ्या प्रकरणाशिवाय छापखान्यात जाईल. मेजर म्हणाले, त्या जागी पुलाच्या लढाईवर दोन पानं मी लिहितो. लिहू देत. दातांच्या डॉक्टरला लढाईतलं जेवढं कळेल तेवढं लिहितील. ती मधली ओळ मात्र त्यांनी पाथरवटाला अजून कोरू दिलेली नाही. परेडनंतर बघू, म्हणाले. पण परेडनंतर पलटणच नसेल, मग बघणार कोण?

एक गंमत सांगते आणि थांबते. मागच्या रविवारी परेडच्या तयारीला जुने सगळे हॉलवर जमले होते. त्यांच्या आग्रहावरून मी 'बदली'चं प्रकरण वाचून दाखवलं, मेजरांच्या रेघेसकट. काय हसले म्हणून सांगू! न्हाव्यानं ते दोन आवाज पुन्हा काढून दाखवले, आणि एक आवाज ज्याचा होता तो स्वतः तिथेच बसला होता. वखारवाल्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मग सार्जंटनी विचारलं, "पुढचं प्रकरण कुठाय?" मी म्हटलं, पुढे कोरी पानं आहेत. हसणं थांबलं. सार्जंट काठी शोधायला लागले, ती त्यांच्या हातातच होती. मग निघून गेले.

तब्येतीला जपा. गोळ्या वेळेवर घ्या.

तुमची भावजय


२६ मे

भाऊजी,

हे पत्र बसून वाचा.

परेड झाली. हॉल धुऊन घेतला होता, शाळेतून खुर्च्या आणल्या होत्या, दगड झाकायला झेंड्याचं कापड पुरलं नाही म्हणून मेजरांच्या बायकोनं घरचा टेबलक्लॉथ दिला. नव्या रेजिमेंटचे एक कर्नल पाहुणे होते. गर्दी बरी होती. मी नेहमीच्या जागी, कचेरीच्या दाराशी उभी राहिले.

दरवर्षीप्रमाणे शेवटी गेलेल्यांची हजेरी. तुम्ही ती कधी ऐकलेली नाही. एक एक नाव पुकारतात आणि त्याच्या वतीनं सगळी कंपनी एका आवाजात 'हजर' म्हणते. मेजर जुन्या पाटीवरून उतरवलेली नावं वाचत होते. तरुण पोरं पुढे उभी, जुने लोक मागे खुर्च्यांवर. पहिल्या नावाला हजर, दुसऱ्याला हजर. आपल्या ओळीपर्यंत येईपर्यंत मी दरवर्षी नखं बघत असते, तशीच बघत होते. तुमचं नाव आलं.

पोरांनी तोंडं उघडली होती, तेवढ्यात मागून आवाज आला.

"गैरहजर, साहेब."

टपाल सार्जंट उठून उभे होते. काठी खुर्चीला अडकवली होती, दोन्ही हात विजारीच्या शिवणीला लावलेले. पोरं मागे वळून बघायला लागली. कर्नलांनी मेजरांकडे पाहिलं. मेजरांनी कागद खाली केला आणि पुन्हा तेच नाव घेतलं, जरा हळू. सार्जंट पुन्हा म्हणाले, "गैरहजर, साहेब. तो त्या दिवशी आला नव्हता. रात्रपाळी करून झोपला होता, त्याला कोणी उठवलंच नाही. त्याच्या धाकट्यानं ट्रकमध्ये मला स्वतः सांगितलं. धाकटा त्याच्या जागी आला होता. हजेरी मी घेतली. मला माहीत होतं आणि मी हजर लिहिलं. पुलावर गेला तो धाकटा."

मग न्हावी उठला. "मलाही माहीत होतं, साहेब. मीही त्या दिवशी दुसऱ्याच्याच नावावर होतो." वखारवाला उठला. त्याच्या शेजारचा उठला. एरवी कोणाला तरी हसू आलं असतं. पाच-सहा म्हातारी माणसं, कोणाच्या गुंड्या लागत नव्हत्या, कोणाला धड उभं राहता येत नव्हतं, आणि प्रत्येक जण सांगत होता की तो तो नव्हता. कर्नल कपाळाला हात लावून बसले. मला वाटलं, आता सगळ्यांना धरून नेतात.

मेजरांनी कर्नलांना काही विचारलं नाही. ते सरळ माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, नाव काय घेऊ?"

मी सांगायला गेले तर आवाजच फुटेना. इतकी वर्षं ते नाव मी पाकिटावर पाहिलं होतं, मोठ्यानं म्हटलं नव्हतं. दुसऱ्यांदा आलं. मेजरांनी ते घेतलं, कवायतीच्या आवाजात, सगळा हॉल भरेल असं, आणि पोरं, म्हातारे, खुर्च्यांवरचे लोकसुद्धा, सगळे एकदम 'हजर' म्हणाले. मी रडले, भाऊजी. हे लिहिणार नव्हते, पण लिहिलं. भिंतीला धरून हमसून हमसून रडले, आणि मेजरांच्या बायकोनं दगडावरचा तो टेबलक्लॉथ ओढून माझ्या हातात दिला, कारण तिला दुसरं काही सापडेना.

नंतर कर्नल सार्जंटना बाजूला घेऊन बराच वेळ बोलले. बाहेर आल्यावर सार्जंट एवढंच म्हणाले, "रागावले. मग विचारलं, पूल किती वेळ धरून ठेवलात. मी सांगितलं. मग रागावले नाहीत." कारवाई वगैरे काही होईल असं दिसत नाही. ज्या पलटणीवर कारवाई करायची ती उरलीच नाही.

पाथरवटानं दुसऱ्याच दिवशी ती ओळ घेतली. मी स्टूल टाकून शेजारी बसले होते. धुळीनं खोकला लागला तरी उठले नाही. तो म्हणाला, "बाई, घरी जा, झालं की बोलावतो." मी म्हटलं, तू तुझं काम कर. अक्षरं झाल्यावर त्यानं फुंकर मारली आणि बाजूला झाला. मी बोट फिरवलं. कडा अजून खरखरीत आहेत.

तुमच्याबद्दल. तुम्ही कुठे असता, कोणत्या नावानं असता, हे कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. सार्जंटनी धाकटा गेला एवढंच सांगितलं, थोरल्याचं पुढे काय झालं ते कोणी काढलं नाही. तुमच्या मुलीचं घर तिच्यापाशी आहे तसंच राहील. तिला कधी सांगायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा, मी त्यात पडणार नाही. इतिहासात तिसरं प्रकरण आता लिहून घातलं आहे. त्यात तुम्ही पळालात असं नाही. भट्टीवरून येऊन झोपलात असं आहे, आणि ते सांगणारा हजेरी घेणारा माणूस आहे, मी नाही. आता तरी विश्वास ठेवा.

परेडनंतर सार्जंट मला म्हणाले, "थोरला आहे ना गं? त्याला सांग, मी अजून आहे तोवर ये." मी म्हटलं, सांगते. येणं न येणं तुमच्या मनावर. तुमचा मला राग आहे, तो काही एका परेडनं जायचा नाही, समोर आलात तर बोलेनही चार शब्द. ऐकून घ्या. जेवायला वाढीन.

आतापर्यंत तुम्हाला या गावात पाय ठेवता येत नव्हता, कारण हॉलच्या भिंतीवर तुम्ही मेलेले होतात. आता तसं नाही. एकदा या आणि तो दगड बघून जा. वरपासून खालपर्यंत नीट वाचा. तुमचं नाव त्यावर नाही.

तुमची भावजय